देवासची राणी आणि वश्ती

ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते. त्यांचा ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) हा ग्रंथ लोभस खरा. परंतु शाहू छत्रपतींच्या कन्या राणी अक्कासाहेब पतिगृह सोडून कोल्हापुरास गेल्या, तो प्रसंग त्यात राजाच्या मित्राच्या नजरेतूनच येतो. सारा दोष स्त्रीच्याच माथी का, हे ताराबाई शिंदे यांनी १८८२ सालीच ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विचारले होते. फॉर्स्टरसारख्या सहृदय लेखकालाही तो प्रश्न चुकत नाही. एस्तेरच्या पुस्तकातही वश्ती राणीचा नकार नोंदलेला आहे, कारण नाही. प्रवचनात आपण तिला ओलांडून झटकन एस्तेरकडे वळतो. मीही वळलो आहे. पतिपत्नींच्या तंट्यात माझ्याकडे आजही पहिली हकीकत बहुधा नवऱ्याचीच येते.