हाताने लिहिलेली असेम्ब्ली आणि तिची निगा

ध्वनी किंवा चित्रफीत साठवताना तिचा आकार कमी करणाऱ्या आणि दाखवताना ती पुन्हा उलगडणाऱ्या प्रणालीस कोडेक म्हणतात. पाटण तालुक्यातील डोंगरी वाड्यांत जेथे नेटवर्क तोकडे आणि फोन स्वस्तातला असतो, तेथे थोड्या डेटात उतरलेला व्हिडिओ न अडखळता चालण्याची सारी भिस्त या प्रणालीवर असते. २०१८ साली आलेल्या एव्ही१ या स्वरूपासाठी फोनच्या चिपमध्ये स्वतंत्र सोय नसेल, तर ते उलगडण्याचे काम व्हिडिओलॅन प्रकल्पाच्या ‘डेव्हिड’सारख्या मुक्त लायब्ररीला करावे लागते. २०२४ पासून गूगलने अँड्रॉइड १२ व त्यापुढील फोनांसाठी हीच लायब्ररी उपलब्ध करून दिली आहे.

डेव्हिडमध्ये सी भाषेतील मजकुराच्या कितीतरी पट असेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या आज्ञा एकेक करून हाताने लिहिण्याची भाषा, आहे. एसएसई२ या आज्ञासंचातील एकच आज्ञा चित्रबिंदूंच्या सोळा जोड्यांमधील फरक काढून त्यांच्या दोन आंशिक बेरजा हाती देते, आणि अशा संधी सी चे प्रोसेसरच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या कंपायलरच्या नजरेतून अनेकदा निसटतात, म्हणूनच हा खटाटोप आजही सार्थ ठरतो.

मात्र लिहिण्यापेक्षा सांभाळणे कठीण आहे. १९९७ च्या एमएमएक्स या जुन्या आज्ञासंचाची रजिस्टरे, म्हणजे प्रोसेसरमधील तात्पुरत्या साठ्याच्या जागा, फ्लोटिंग-पॉइंट गणिताच्या रजिस्टरांवरच बेतलेली असल्यामुळे काम संपताच ‘ईएमएमएस’ ही आज्ञा द्यावी लागते. ती राहिली तर बिघाड तेथे न दिसता भलत्याच ठिकाणच्या हिशेबात उमटतो. एफएफएमपेग या मुक्त मल्टिमीडिया प्रकल्पाने एसएसई२ चा पर्याय असलेली अशी जुनी एमएमएक्स फंक्शने अलीकडे काढून टाकली, आणि या क्षेत्रात नव्या वेगाच्या बातमीइतकेच महत्त्व अशा वजाबाकीला द्यायला हवे.

विंडोजच्या ६४-बिट संकेतानुसार बोलावलेल्या फंक्शनने एक्सएमएम६ ते एक्सएमएम१५ ही रजिस्टरे होती तशीच परत करायची असतात, लिनक्सवर तसे बंधन नाही. त्यामुळे लिनक्सवर बिनचूक चालणारे फंक्शन विंडोजवर बोलावणाऱ्याचीच आकडेमोड बिघडवू शकते. एक्स२६४ या व्हिडिओ एन्कोडरच्या प्रकल्पातून पुढे आलेले ‘चेकॅझम’ हे साधन असे दोष पकडते, तसेच यादृच्छिक माहिती देऊन असेम्ब्लीचे उत्तर त्याच कामाच्या सी फंक्शनशी ताडून पाहते. ही शिस्त नसती तर एवढ्या मजकुराला हात लावण्याची हिंमत कोणी केली नसती. डेव्हिड रस्ट भाषेत पुन्हा लिहून तयार झालेल्या ‘रेव्हिड’नेही ही असेम्ब्ली तशीच ठेवली, यावरून तिला पर्याय मिळणे किती अवघड आहे हे कळते.

या कलेची खरी उणीव माणसांची आहे, कारण एक्स८६, आर्म आणि आता रिस्क-फाइव्ह असे प्रोसेसरचे प्रत्येक कुळ स्वतंत्र जाणकार मागते, आणि दुसऱ्याने लिहिलेले तपासून पाहणारे नेहमीच मोजके असतात. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा सांगलीचे वालचंद महाविद्यालय येथे मायक्रोप्रोसेसर शिकलेल्या विद्यार्थ्यांनी एखादे आर्म फंक्शन घेऊन ते चेकॅझमच्या कसोटीला लावावे. त्यासाठी लागणारा सर्व मजकूर खुला आहे.