नऊ वर्तुळे आणि एक किल्ला : व्हॉयनिच हस्तलिखितातील ‘नकाशा’च्या वाचनांची चिकित्सा

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात ‘एम.एस. ४०८’ या क्रमांकाने एक हस्तलिखित जतन करून ठेवले आहे. विल्फ्रिड व्हॉयनिच या पुस्तकविक्रेत्याने ते इ. स. १९१२ मध्ये रोमनजीकच्या फ्रास्काती येथील जेझुइटांकडून विकत घेतले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जाते. त्यातील लिपी जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. वनस्पतींची, नक्षत्रांची आणि हौदांत उभ्या असलेल्या स्त्रियांची चित्रे त्यात आहेत. २००९ साली अॅरिझोना विद्यापीठात त्याच्या चर्मपत्राची कार्बन-चाचणी झाली व चर्मपत्र इ. स. १४०४ ते १४३८ या काळातील ठरले. म्हणजे काळ बऱ्याच अंशी निश्चित आहे. भाषा मात्र अज्ञात आहे आणि आशयही अज्ञात आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय या ग्रंथातील एकच पान आहे. ते घडीचे असून उलगडल्यावर सहा पानांएवढे होते. त्यावर तीन ओळींत तीन-तीन अशी नऊ मोठी वर्तुळे असून ती मार्गांसारख्या पट्ट्यांनी एकमेकांस जोडलेली आहेत. मधल्या वर्तुळात बुरुजांसारख्या सहा आकृत्या दिसतात. कोपऱ्यातील एका वर्तुळात तटबंदीचा किल्ला आहे. पानाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत सूर्य आहेत, तर तिसऱ्या कोपऱ्यात एक लहान वर्तुळ आडव्या-उभ्या रेषांनी तीन भागांत विभागलेले आहे. हे पान नकाशा आहे असे अनेक अभ्यासक धरून चालतात. हे ‘धरून चालणे’च तपासले पाहिजे, असे आमचे मत आहे.

प्रथम ज्या चिन्हाचा अर्थ बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतो ते घेऊ. तीन भागांचे ते लहान वर्तुळ म्हणजे मध्ययुगीन युरोपातील ‘टी-ओ’ नकाशा होय. ‘ओ’ या रोमन अक्षराच्या आत ‘टी’ हे अक्षर बसविले की पृथ्वीचे तीन भाग होतात : वरचा अर्धा भाग आशियाचा, खालचा डावा युरोपचा व उजवा आफ्रिकेचा. सेव्हिलच्या इसिडोरच्या सातव्या शतकातील ग्रंथाच्या असंख्य नकलांतून ही आकृती रूढ झाली आणि १४७२ मध्ये आउग्सबर्ग येथे ती छापलीही गेली. तीत पूर्व दिशा वरच्या बाजूस असते. चित्रकाराला त्या काळची विद्या ठाऊक होती एवढे यावरून निश्चित होते. परंतु भोवतालची नऊ वर्तुळेही भूगोलाचीच आहेत, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. हीच आकृती त्या काळी खगोलाच्या चित्रांत केवळ ‘पृथ्वी’ दाखविण्यासाठीही वापरली जाई. चिन्ह ओळखता आले म्हणून पान वाचता आले, असे होत नाही.

आता किल्ल्याकडे वळू. त्याच्या तटावरील चर्या पाकोळीच्या शेपटीसारख्या वरून दुभंगलेल्या आहेत. अशा चर्या उत्तर इटलीत पुष्कळ आढळतात. व्हेरोनाचा चौदाव्या शतकातील कास्तेलव्हेक्यो हा किल्ला त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यावरून ‘हे पान उत्तर इटलीचे’ असा निष्कर्ष काढला जातो. निष्कर्ष अगदी निराधार नाही, परंतु त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. मॉस्कोच्या क्रेमलिनच्या तटावरही अशाच चर्या आहेत, कारण तो तट पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटालियन वास्तुकारांनी बांधला. चर्या प्रवास करतात, आणि कागदावर तर त्या अधिकच सहज प्रवास करतात. चित्रकाराने किल्ला कसा काढावा हे कोठे शिकले, एवढेच हे चिन्ह सांगू शकते. तो किल्ला कोठे आहे, हे नव्हे.

हा भेद न पाळल्यामुळे काय होते, ते अलीकडच्या दोन वाचनांत दिसून येते. २०१९ मध्ये जेरार्ड चेशायर यांनी हस्तलिखिताची भाषा ‘आद्य-रोमान्स’ असल्याचे जाहीर केले आणि या पानावर इटलीच्या किनाऱ्यावरील बेटे, ज्वालामुखीचा उद्रेक व त्यानंतरची इ. स. १४४४ मधील जहाजांची सुटका-मोहीम पाहिली. किल्ला हा इस्किया बेटावरचा ठरला. ब्रिस्टल विद्यापीठाने आधी या शोधाचे प्रसिद्धिपत्रक काढले आणि तज्ज्ञांनी आक्षेप घेताच काही दिवसांतच ते मागे घेतले. १४४४ हे वर्ष चर्मपत्राच्या काळानंतरचे असल्याचा आक्षेप आम्ही घेत नाही. कोरे चर्मपत्र काही वर्षे पडून राहू शकते. आक्षेप वेगळा आहे. या पद्धतीने प्रत्येक वर्तुळाला एक बेट देता येते, आणि ज्या वर्तुळाला बेट मिळत नाही त्याला कथेतील एखादा प्रसंग देता येतो. चूक ठरू शकेल अशी एकही जागा या वाचनात उरत नाही.

दुसरे वाचन २०२४ मधील आहे. कीगन ब्रूअर व मिशेल लुईस यांनी बव्हेरियाचा वैद्य योहानेस हार्टलीब याच्या लेखनाचा आधार घेऊन असे मांडले की, हे पान नकाशा नसून मध्ययुगीन कल्पनेप्रमाणे समागम व गर्भधारणा यांचे चित्र आहे. किल्ल्यासाठीचा जर्मन शब्द कुलूप व स्त्रीचे गुह्यांग या अर्थांनीही वापरला जाई, म्हणून किल्ला हा त्या शब्दावरचा श्लेष ठरतो. स्त्रियांच्या आरोग्यविषयक ज्ञानावर त्या काळी पडदा टाकला जात असे, हे दोघांनी कागदपत्रांनिशी दाखवून दिले आहे व ते मोलाचे आहे. परंतु येथेही किल्ल्याचा अर्थ आधी ठरविलेल्या विषयावरून निघतो. एकाच तटबंदीतून एकाला बेट दिसते, दुसऱ्याला श्लेष. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, आणि दोहोंपैकी एक नाकारण्याचे साधन पानावर कोणाला सापडलेले नाही.

सूर्यांचीही तीच गत आहे. एक सूर्य उगवता व दुसरा मावळता मानला की दिशा मिळाल्याचा आनंद होतो. परंतु मग पूर्व-पश्चिम रेषा पानाच्या कर्णावर येते, आणि कोपऱ्यातील ‘टी-ओ’ आकृती आपली पूर्व वेगळीच सांगते. वर्तुळांभोवतीचा मजकूर गोलाकार लिहिलेला असल्याने पान वाचताना फिरवावे लागत असणार. तेव्हा या पानाला ‘वर’ अशी एकच बाजू होती का, हा प्रश्न दिशेच्या आधी येतो.

नसलेले पाहण्याचा याहूनही टोकाचा इतिहास या ग्रंथाला आहे. १९२१ मध्ये विल्यम न्यूबोल्ड या अमेरिकन प्राध्यापकाने अक्षरांच्या रेषांत सूक्ष्म लघुलिपी पाहिली व ग्रंथ तेराव्या शतकातील रॉजर बेकनचा ठरविला. एका चित्रात तर त्यांना देवयानी दीर्घिका दिसली. १९३१ मध्ये जॉन मॅन्ली यांनी दाखविले की, त्या सूक्ष्म रेषा म्हणजे खडबडीत चर्मपत्रावर वाळलेल्या शाईला गेलेल्या भेगा होत. न्यूबोल्ड लबाड नव्हते. विद्वान होते, आणि प्रामाणिकपणे भेगा वाचीत होते.

हा मोह परक्यांचाच आहे असे वाचकांनी समजू नये. या पानाचे छायाचित्र प्रथम पाहिले तेव्हा प्रस्तुत लेखकाच्या मनातही आधी ‘मंडल’ हाच शब्द आला. मध्ये एक, भोवती आठ. मधल्या वर्तुळातील घुमटाकार आकृत्यांत तर स्तूप दिसू लागले. दोन दिवस आम्ही त्या कल्पनेत रमलो, हे कबूल केले पाहिजे. मग ध्यानात आले की, नऊ वर्तुळे चौकोनात मांडली की मध्ये एक व भोवती आठ येणारच. ते गणित आहे, धम्म नव्हे. बौद्ध परंपरेचा या ग्रंथाशी संबंध दाखविणारा कोणताही पुरावा नाही, आणि आपल्या अभिमानाखातर तो निर्माण करणे आपल्याला शोभणारे नाही.

अवाचित अक्षरे खरोखर कशी उलगडतात याचे उदाहरण आपल्या इतिहासात आहे. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने सांचीच्या कठड्यांवरील लहान लहान लेख समोर ठेवले. बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येत होती. कठडा अनेकांच्या देणगीतून उभा राहिला असावा, या विचाराने त्याने तेथे ‘दानं’ वाचले. महत्त्वाचे पाऊल त्याच्या पुढचे आहे. तीच अक्षरे दिल्लीच्या स्तंभावर, गिरनारला, धौलीला लावली असता तेथेही अर्थ लागला. प्रिन्सेप चुकलाही : ‘पियदसि’ हा राजा त्याने सिंहलद्वीपाचा मानला. जॉर्ज टर्नर यांनी दीपवंसाच्या आधारे तो अशोक असल्याचे दाखविले, आणि १९१५ मध्ये मस्कीच्या लेखात प्रत्यक्ष ‘अशोक’ हे नाव मिळाले. कल्पना आधी, पडताळा नंतर, दुरुस्ती त्याच्याही नंतर. कार्ले-कान्हेरीच्या लेण्यांतील भिक्षुणींची व उपासकांची नावे आज आपण वाचतो, ती या क्रमामुळे.

व्हॉयनिच हस्तलिखिताला दिल्ली-गिरनार नाही, ही त्याची खरी अडचण आहे. या लिपीचा दुसरा लेख नाही. तरीही पडताळ्याची वाट पूर्णपणे बंद नाही. प्रेस्कॉट करिअर यांनी १९७०च्या दशकात मजकुराचे दोन भिन्न प्रकार ओळखले. लिसा फॅगिन डेव्हिस यांनी २०२० मध्ये अक्षरवळणांच्या अभ्यासावरून पाच लेखनिक असल्याचे मांडले. या कामात किल्ला कोणाचा हे कळत नाही, म्हणून वृत्तपत्रे त्याकडे फारशी वळत नाहीत. परंतु त्यांतील प्रत्येक विधान दुसरा अभ्यासक पाने समोर ठेवून तपासू शकतो. बायनेकी ग्रंथालयाने सर्व पानांची छायाचित्रे सर्वांना खुली केली आहेत.

‘टी-ओ’ आकृतीकडेच पुन्हा परतावे असे आम्हाला वाटते. अशा आकृतीच्या तीन भागांत आशिया, युरोप व आफ्रिका यांची नावे असावीत ही अपेक्षा रास्त आहे, आणि सांचीच्या ‘दानं’प्रमाणे तेथून आरंभ करता येईल ही आशाही जुनी आहे. या आशेतून सर्वमान्य असे एकही अक्षर अद्याप हाती आलेले नाही. ते हाती येईपर्यंत कोपऱ्यातील वर्तुळाला पृथ्वी म्हणावे, किल्ल्याला किल्ला म्हणावे, आणि उरलेल्या आठ वर्तुळांना वर्तुळे.