संज्ञेला साल लावा : ‘थाट म्हणजे मोड’ या तक्त्याचं काय करायचं?

संगीत विषयात नेट किंवा पेटची तयारी करत असाल तर एक तक्ता तुमच्या हाती हमखास आला असेल. डावीकडे भारतीय संज्ञा, उजवीकडे पाश्चात्त्य. सप्तक म्हणजे ऑक्टेव्ह, थाट म्हणजे मोड, श्रुती म्हणजे मायक्रोटोन. पुढे काफी म्हणजे डोरियन, भैरवी म्हणजे फ्रिजियन, बिलावल म्हणजे आयोनियन. परीक्षेत दोन गुणांच्या प्रश्नाला एवढं पुरतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती हा तक्ता परीक्षेनंतर सिनॉप्सिसमध्ये आणि तिथून प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात जाऊन बसतो त्याबद्दल. म्हणून आज या तक्त्याच्या तीनच ओळी तपासू.

पहिली ओळ, सप्तक आणि ऑक्टेव्ह. एक शब्द सातावरून, दुसरा आठावरून. पाश्चात्त्य मोजणीत वरचा सा धरतात, आपण तो पुढच्या सप्तकाचा मानतो, एवढं स्पष्टीकरण बहुतेक पुस्तकांत असतं. पण युरोपात शिकवण्याचं एकक कायम आठ स्वरांचंच होतं असं समजू नका. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्विदो द अरेत्झो या इटालियन मठवासी शिक्षकाने उत, रे, मी, फा, सोल, ला ही अक्षरं रूढ केली. ती सहाच आहेत. संत योहानाच्या एका लॅटिन स्तोत्रात ओळीचा प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा एक स्वर वर सुरू होतो, त्या तुकड्यांची ही पहिली अक्षरं. सातवं ‘सी’ कितीतरी नंतर आलं. ग्विदोची गरज साधी होती. कधी न ऐकलेलं स्तोत्र मुलांना लिहिलेलं पाहून लवकर गाता यावं. त्यासाठी मी आणि फा यांच्यामध्ये नेहमी अर्धं अंतर ठेवलं.

आपल्याकडे नाट्यशास्त्रात मंद्र, मध्य, तार ही स्थानं छाती, कंठ आणि मस्तक यांच्याशी जोडली आहेत. म्हणजे एकीकडे लिपी वाचण्याचा प्रश्न, दुसरीकडे आवाज शरीरात कुठून येतो हा प्रश्न. तक्त्यात दोन्ही उत्तरं शेजारी बसतात, प्रश्न मात्र गळून जातात.

दुसरी ओळ जास्त अवघड आहे. काफी थाट आणि डोरियन मोड यांचे स्वर जुळतात, हे पेटीवर वाजवून पाहा. पांढऱ्या पट्ट्यांवर ‘रे’ला सा मानून वर गेलात की गंधार-निषाद कोमल लागतात. जुळणी खरी आहे, पण कशाची? फक्त सात स्वरांच्या अंतरांची. मध्ययुगीन चर्चमधला मोड एवढाच नव्हता. त्यात गाणं कुठल्या स्वरावर संपायचं ते ठरलेलं असे, आवाका ठरलेला असे आणि पाठ म्हणताना कुठल्या स्वरावर थांबून राहायचं तेही. असे आठ मोड होते. शेवटचे स्वर चार आणि प्रत्येकाचे दोन आवाके.

आता नाट्यशास्त्रातली जातीची दहा लक्षणं आठवा : ग्रह, अंश, तार, मंद्र, न्यास, अपन्यास, अल्पत्व, बहुत्व, षाडवित, औडुवित. शेवटचा स्वर म्हणजे न्यासाच्या जवळचं काही, आवाका म्हणजे मंद्र-तार, ज्यावर रेंगाळायचं तो अंशासारखा. चर्चचा मोड जातीच्या कितीतरी जवळ जातो. थाटाला यातलं काहीच लागत नाही. थाटाला आरोह-अवरोह नाही, वादी नाही, तो रंजक असायलाही नको. मुळात सतारीच्या पडद्यांच्या मांडणीलाही थाट म्हणतात, ते ध्यानात ठेवलं तर घोळ कमी होतो.

आणि डोरियन हे नाव तरी कुठल्या काळातलं? प्राचीन ग्रीक व्यवस्थेत डोरियन म्हणून सांगितलेला स्वरक्रम आजच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ‘मी’ ते ‘मी’ असा पडतो आणि फ्रिजियन ‘रे’ ते ‘रे’. ग्रीक संगीतशास्त्र लॅटिन युरोपात पोचलं ते मुख्यतः सहाव्या शतकातल्या बोएथिअसच्या ग्रंथातून. पुढे नवव्या-दहाव्या शतकांत चर्चच्या पंडितांनी ही जुनी नावं आपल्या मोडांना चिकटवली, तेव्हा अदलाबदल झाली. ‘रे’वरचा डोरियन झाला, ‘मी’वरचा फ्रिजियन. एकच नाव, दोन स्वरक्रम. आयोनियनची गोष्ट आणखी वेगळी. आठाच्या यादीत तो नव्हताच, ग्लारेआनने 1547 सालच्या ‘डोडेकाकॉर्डन’ ग्रंथात बारा मोड मांडले तेव्हा तो आला. तेव्हा ‘बिलावल म्हणजे आयोनियन’ असं लिहिताना तुम्ही कुठल्या शतकाबद्दल बोलताय, हे वाचकाला कळायला हवं.

आपल्याकडे असं होत नाही असं वाटत असेल तर तिसऱ्या ओळीकडे, श्रुतीकडे या. षड्जग्रामातली श्रुतींची वाटणी तुम्हाला पाठ असेल : सा 4, रे 3, ग 2, म 4, प 4, ध 3, नि 2. एकूण 22. आता कागद घ्या आणि दोनदा मोजा.

एकदा जुन्या ग्रंथांप्रमाणे स्वर आपल्या शेवटच्या श्रुतीवर ठेवा. सा 4, रे 7, ग 9, म 13, प 17, ध 20, नि 22. रे ते ग अंतर 2, ध ते नि अंतर 2. म्हणजे गंधार-निषाद खाली, चाल काफीच्या जवळची. मग आजच्या भातखंडे परंपरेच्या पाठ्यपुस्तकांप्रमाणे तोच स्वर पहिल्या श्रुतीवर ठेवा. सा 1, रे 5, ग 8, म 10, प 14, ध 18, नि 21. आता लहान अंतरं ग-म आणि नि-सा यांच्यात गेली. हा बिलावल झाला! आकडे तेच, स्वरमेळ वेगळा. पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांच्या काळात शुद्ध स्वर म्हणजे बिलावल हे गाण्यात पक्कं झालेलं होतं. जुने आकडे त्याला जुळवायचे तर स्वराची जागा सरकवावीच लागते.

यावरून भातखंड्यांना मोडीत काढायला धावू नका. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे भाग त्यांनी 1910 नंतर मराठीत, गुरु-शिष्य संवादाच्या रूपात लिहिले. ते मुळातून वाचा. ग्रंथात काय आहे आणि आज गवई काय गातात, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची सवय ते शिष्याला सतत लावतात. त्या पुस्तकाची ताकद तिथे आहे. कच्चा दुवा तिथे येतो जिथे ही वेगळी ठेवलेली दोन टोकं श्रुतींच्या एका कोष्टकात पुन्हा बांधली जातात, आणि नंतरची गाइडं संवाद टाकून देऊन फक्त कोष्टक उचलतात.

त्याच काळात दुसरी वाट चालली होती. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली 22 श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींना गुणोत्तरं दिली. तारेच्या लांबीवरून 2:1, 3:2, 4:3 मोजण्याची ही रीत युरोपात पायथागोरसच्या नावाने चालत आलेली. काम कष्टाचं आहे, पण भरताचा प्रयोग पाहा. दोन वीणा, एक स्थिर, एक उतरवत न्यायची, आणि निवाडा कानाचा. शार्ङ्गदेवानेही ‘संगीतरत्नाकर’मध्ये 22 तारांची वीणा सांगितली ती अशी की प्रत्येक तार आधीच्यापेक्षा किंचित उंच लागावी, मध्ये दुसरा नाद ऐकू येऊ नये. गुणोत्तर तिथे नाही. हा ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला. नागपूरहून समृद्धीने संभाजीनगरकडे गेलात तर तो किल्ला, म्हणजे दौलताबाद, तिथून जवळच आहे. इतक्या जवळच्या ग्रंथाकडे आपण पायथागोरसच्या पट्टीने पाहतो आणि मग त्यात ‘अचूकपणा नाही’ असा शेरा मारतो.

आता म्हणाल, एवढ्या बारकाव्याने आमच्या प्रबंधाचं काय बिघडतं? समजा, तुमचा विषय विदर्भातली भुलाबाईची गाणी आहे. एक गाणं चारच स्वरांत फिरतंय : सा, रे, कोमल ग, म. तुम्ही रकान्यात ‘थाट : काफी’ लिहिलंत. थाटाला सात स्वर लागतात. म्हणजे प, ध आणि नि कुठून आले? गाणाऱ्या बाईने ते म्हटलेच नाहीत, तुम्ही टाकलेत. धैवत कोमल धरला असता तर तेच गाणं आसावरी थाटात गेलं असतं! मग पुढच्या प्रकरणात तुम्ही मोजणी करणार : इतकी गाणी काफीत, इतकी आसावरीत. तो निष्कर्ष गाण्यांचा नाही, तुमच्या रकान्याचा आहे. त्याऐवजी चार स्वर लिहा, कुठे थांबते ते लिहा, कुठे संपते ते लिहा. अंश आणि न्यास हे जुने शब्द इथे थाटापेक्षा जास्त कामाला येतात.

म्हणून तक्ता फाडू नका, त्यात तीन रकाने वाढवा : ही संज्ञा या अर्थाने कोणी वापरली, केव्हा, आणि त्याला काय करायचं होतं? ‘थाट’पुढे एकच नाव मावणार नाही. ‘मोड’पुढे तर निदान तीन काळ लिहावे लागतील. एखादा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. मार्गदर्शकांसमोर बसाल तेव्हा चर्चा तिथूनच सुरू करा.