मुक्त पाठ्यपुस्तक: किंमत आणि संपादन

महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांच्या वाढत्या किमतींवर उपाय म्हणून मुक्त अध्ययनसामग्रीचा पुरस्कार केला जातो. तो करताना ‘विनामूल्य’ आणि ‘मुक्त’ हे शब्द बहुधा समानार्थी मानले जातात. वस्तुतः विनामूल्य पुस्तक वाचकाचा खर्च वाचविते. मुक्त पुस्तक त्याशिवाय मजकुरात फेरफार करण्याचा अधिकारही देते. ह्या भेदाचे महत्त्व ‘इंट्रोडक्शन टु सोशिऑलॉजी’ ह्या ग्रंथाच्या उदाहरणाने स्पष्ट होते.

अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स ह्या उपक्रमाने २०१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. महाजालावर तो विनामूल्य उपलब्ध होता. मूळ कर्तृत्वाचा निर्देश केल्यास त्याचे रूपांतर करण्याची मुभाही क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने दिली होती. ग्रंथातील आकडेवारी व उदाहरणे प्राधान्याने अमेरिकन होती. गणिताच्या पुस्तकात हे खपून जाईल. समाजशास्त्रात मात्र उदाहरण हे विवेचनाचेच अंग असते. १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकता हे शासकीय धोरण म्हणून स्वीकारणाऱ्या कॅनडातील विद्यार्थ्याला केवळ अमेरिकन दाखल्यांवरून स्वतःचा समाज उमगणे कठीण. ही उणीव विनामूल्यतेने भरून निघत नाही. ती फेरफाराच्या अधिकाराने भरून निघाली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील बीसीकॅम्पस ह्या संस्थेने २०१४ मध्ये विल्यम लिटल प्रभृतींनी सिद्ध केलेली कॅनेडियन आवृत्ती प्रसिद्ध केली.

तथापि ह्या यशाची दुसरी बाजू दुर्लक्षिता येत नाही. मूळ ग्रंथामागे धर्मादाय प्रतिष्ठानांचे, तर रूपांतरामागे प्रांतिक शासनाचे द्रव्य होते. म्हणजे खर्च नाहीसा झाला नाही. तो विद्यार्थ्याकडून संस्थांकडे सरकला. हे स्थलांतर न्याय्य होय. पण तो खर्च एकवारचा नव्हे. मूळ ग्रंथाच्या सुधारित आवृत्त्या २०१५ व २०२१ मध्ये निघाल्या, कॅनेडियन ग्रंथाच्या २०१६ व २०२३ मध्ये. दोन्ही प्रवाह स्वतंत्र झाल्यामुळे एकातील दुरुस्ती दुसऱ्यात आपोआप उतरत नाही. प्रत्येक रूपांतर म्हणजे अखंड संपादनाची एक नवी जबाबदारी असते.

हाच परवाना मराठी रूपांतराचीही वाट मोकळी ठेवतो. मूळ ग्रंथात जातिव्यवस्था सामाजिक स्तरीकरणाच्या बंदिस्त प्रकाराचे एक उदाहरण म्हणून थोडक्यात येते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला तेवढ्यावर थांबता येणार नाही. तेथे भाषांतर नव्हे, नवे प्रकरणच लिहावे लागेल, आणि पुढे ते वेळोवेळी सुधारावेही लागेल. असे लेखन व संपादन हे विद्यापीठे अध्यापकाचे विद्वत्कार्य म्हणून गणणार नसतील, तर पुस्तक विनामूल्य राहील, परंतु ते लवकरच कालबाह्य होईल. आणि त्याची किंमत पुन्हा विद्यार्थ्यालाच, निराळ्या रूपाने, मोजावी लागेल.