डबीवरचे विज्ञान

चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या डबीवर साधारण पन्नास-साठ शब्दांचा मजकूर असतो. पाठ्यपुस्तकातील धड्याचे परीक्षण तज्ज्ञ करतात, शिक्षक करतात, क्वचित पालकही करतात. या मजकुराचे परीक्षण मात्र कोणी करत नाही. वास्तविक त्वचेविषयी आपल्या विद्यार्थ्यांनी शाळेबाहेर वाचलेला मजकूर बहुधा हाच असतो. म्हणून सोलापुरात शुक्रवार पेठेतील दुकानांत मिळणाऱ्या, 'कोरड्या व संवेदनशील त्वचेसाठी' असा शिक्का असलेल्या काही डब्या आम्ही समोर ठेवल्या आणि त्यांवरील मजकूर एखाद्या धड्यासारखा वाचून पाहिला.

या वाचनासाठी सोलापूर हे गाव सोयीचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता अनेकदा २५ टक्क्यांच्याही खाली उतरते. दोरीवरची चादर तासाभरात खडखडीत वाळते. चेहऱ्याच्या त्वचेलाही त्याच हवेत राहावे लागते.

बहुतेक डब्यांवर पहिला शब्द असतो 'पोषण'. क्रीम त्वचेचे 'खोलवर पोषण' करते म्हणे. इथेच धडा चुकतो. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर, ज्याला शृंगस्तर म्हणतात, तो मृत पेशींचा असतो. चेहऱ्यावर त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमीच भरते. मृत पेशींना पोषण कसले? जिवंत पेशींना अन्न मिळते ते आतून, रक्तातून. क्रीमचे मुख्य काम या पातळ, मृत थरातील पाणी टिकवण्याचे आहे. हे काम लहान नाही, पण त्याला पोषण म्हणणे म्हणजे छपरावर डांबर ओतून घरातल्या माणसांना जेवू घातले असे सांगण्यासारखे आहे.

कोरडेपणा म्हणजे तेलाची कमतरता, हा दुसरा समज. तो डब्यांवर असतो, तसा घराघरांतही असतो. अमेरिकेतील अर्विन ब्लँक या शास्त्रज्ञाने १९५२ साली याचा निकाल एका साध्या प्रयोगाने लावला. तळव्याच्या घट्ट्याचे वाळलेले, कडक तुकडे त्याने घेतले. तेलात ठेवलेले तुकडे कडकच राहिले. पाणी मिळालेले तुकडे मात्र मऊ, लवचीक झाले. शृंगस्तरातील पाण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांच्या खाली गेले की तो ठिसूळ होतो, त्याला भेगा पडतात, हे यातून पुढे आले.

हा प्रयोग वर्गात करण्यासाठी घट्टे सोलण्याची गरज नाही. सोलापूरची कडक भाकरी आणावी. एक तुकडा गोडेतेलात बुडवावा, एक पाण्यात, आणि दहा मिनिटांनी दोन्ही वाकवून पाहावेत. तेलातला कटकन मोडतो, पाण्यातला वाकतो. मग पाण्याने मऊ झालेले दोन तुकडे घ्यावेत. एकाला दोन्ही बाजूंनी व्हॅसलीन चोपडावे, दुसरा तसाच ठेवावा आणि दोन्ही उन्हात ठेवून दर अर्ध्या तासाने तराजूवर तोलावेत. भाकरी म्हणजे त्वचा नव्हे, हे आठवीचा मुलगाही सांगेल. पण तेलाचे खरे काम काय, ते या प्रयोगात दिसते. ते ओलावा देत नाही, असलेला ओलावा जाऊ देत नाही. म्हणूनच तोंड धुऊन, हलके टिपून, त्वचा दमट असतानाच क्रीम लावावे असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. ही ओळ आम्हाला समोरच्या एकाही डबीवर ठळक अक्षरांत दिसली नाही. एवढी उपयोगी सूचना आणि तिलाच जागा नाही!

क्रीममधील घटकांची कामे तीन. व्हॅसलीन, खनिज तेल किंवा मेण यांचे काम झाकणाचे. ग्लिसरीन व युरिया पाणी धरून ठेवतात. काही मेद व तेले पेशींमधल्या फटी भरून स्पर्श मऊ करतात. व्हॅसलीनचे पेटंट रॉबर्ट चेसब्रो याने १८७२ साली घेतले. तेलविहिरीच्या यंत्रांवर साचणारा चिकट मळ शुद्ध करून ते बनले. इतके स्वस्त आणि इतके जुने, पण पाणी अडवण्याच्या कामात त्याच्या तोडीचे फारच थोडे पदार्थ आहेत. मे महिन्यात ते चेहऱ्यावर फासून कोणी हिंडणार नाही, चिकटते आणि घामट वाटते, ही त्याची खरी उणीव. नुसते ग्लिसरीन पुरत नाही, कारण आपल्याकडच्या उन्हाळी हवेत खेचून घ्यायला पाणीच कमी असते. त्यावर झाकण हवे. चांगल्या क्रीममध्ये या दोहोंचा मेळ असतो, आणि त्यासाठी डबी महाग असावी लागत नाही.

फटी भरण्याचा मुद्दा थोडा सविस्तर पाहू. पीटर इलायस यांनी शृंगस्तराला विटांच्या भिंतीची उपमा दिली. मृत पेशी विटा आणि त्यांमधले मेद म्हणजे चुना. या चुन्यात सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले असतात. हल्ली 'सेरामाइडयुक्त' असे ठळक छापलेल्या डब्या येतात त्या यामुळे. कल्पना शास्त्रशुद्ध आहे, पण प्रमाण किती ते डबी सांगत नाही. सेरामाइडच्या एका महत्त्वाच्या प्रकारात लिनोलेइक आम्ल जोडलेले असते. १९२९ साली जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना मेदरहित आहार दिला, तेव्हा त्यांच्या कातडीवर खवले धरले. पुढच्या वर्षी लिनोलेइक आम्ल देताच ती सुधारली, असे त्यांनी दाखवले. हेच आम्ल करडईच्या नेहमीच्या तेलात सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. ज्या जिल्ह्यात करडई पिकते, जिथल्या संशोधन केंद्रातून 'भीमा' हे वाण निघाले, तिथल्या मुलांना हे ठाऊक असायला हवे. अर्थात बरांचे उंदीर ते आम्ल खात होते. त्यावरून स्वयंपाकाचे तेल थेट तोंडाला फासा असा निष्कर्ष कोणी काढू नये.

आता 'संवेदनशील' या शब्दाकडे वळू. ज्या त्वचेला चटकन आग, खाज किंवा लाली येते, तिच्यासाठी डबीवर 'ॲलर्जी न करणारे' असे लिहिलेले असते. अमेरिकेत १९७५ साली तेथील औषध प्रशासनाने या शब्दाला पुराव्याची अट घातली. १९७७ साली न्यायालयाने ती अट रद्द केली. तेव्हापासून हा शब्द तेथेही उत्पादकाच्या मर्जीवर आहे. 'त्वचातज्ज्ञांनी तपासलेले' हाही तसाच. किती जणांवर तपासले, निष्कर्ष काय, हे विचारायला जागा नाही. 'नैसर्गिक' या शब्दावर तर आमचा विशेष राग आहे. सुगंधी वनस्पतिजन्य तेलांची ॲलर्जी अनेकांना होते आणि बिब्बाही नैसर्गिकच आहे.

आयुर्वेदिक क्रीमचा दाखला या संदर्भात बोलका आहे. 'विको टर्मरिक' हे सौंदर्यप्रसाधन की औषध, हा वाद उत्पादन शुल्काच्या निमित्ताने वर्षानुवर्षे चालला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते आयुर्वेदिक औषध असल्याचा निर्णय कंपनीच्या बाजूने दिला. परवाना, ग्रंथांतील घटक, लोकांची समजूत असे मुद्दे त्या वादात होते. मात्र कोरड्या त्वचेतील पाणी ते किती टिकवते, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. करआकारणीसाठीचे वर्गीकरण आणि प्रयोगशाळेतील मोजमाप यांची गल्लत ग्राहकाने करू नये.

इथवरची टीका शब्दांवर झाली. यापुढचा भाग गंभीर आहे. दुकानातील फळीवर मॉइश्चरायझर आणि गोरेपणाची क्रीमे शेजारी-शेजारी असतात. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० साली 'ग्लो अँड लव्हली' झाले. 'फेअर' गेले, 'ग्लो' आले, आणि त्यामुळे दोन फळ्यांतले अंतर आणखी पुसट झाले. ओळखीच्या कंपन्यांपेक्षा धोका अधिक आहे तो बिननावाच्या, घटक न छापलेल्या डब्यांचा. २०२२ साली अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला. त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासातून पुढे आल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीस प्रसिद्ध झाली. पारा त्वचेतील रंगद्रव्य बनण्यात अडथळा आणतो, म्हणून चेहरा 'उजळतो', आणि तोच शरीरात शिरून मूत्रपिंडे बिघडवतो. स्टेरॉइडयुक्त मलमांचेही तसेच. काही दिवस त्वचा नितळ दिसते, पुढे ती पातळ होते, लाल होते आणि मलम थांबवताच भडकते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत आणली. तरीही 'अमुक ट्यूब द्या' एवढे म्हणून ती मागणारे गिऱ्हाईक काही दिसेनासे झालेले नाही. कोरडेपणा घालवणारे कोणतेही साधे क्रीम चार दिवसांत रंग उजळवत नाही. उजळला, तर डबी संशयास्पद समजावी.

निवड करताना आम्ही पाहू ते असे. सुगंध नसावा. 'वास नसलेले' आणि 'सुगंधद्रव्य न घातलेले' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण मूळ वास झाकण्यासाठीही सुगंधद्रव्य घालतात. घटकांची यादी आखूड असावी. नवे क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूस आठवडाभर दोन वेळा लावून पाहावे, मग चेहऱ्यावर न्यावे. आणि साबण कमी करावा. त्वचेचा सामू पाचच्या आसपास असतो, तर साध्या साबणाच्या फेसाचा नऊ-दहा. शाळेच्या प्रयोगशाळेतील सामूदर्शक कागद बुडवला की हे दिसते. दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुऊन वर महागडे क्रीम लावणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात.

शेवटची तक्रार छपाईची. 'पोषण', 'तेज', 'चोवीस तास' हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. ज्यावरून खरी निवड होते ती घटकांची यादी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत आणि बहुधा फक्त इंग्रजीत. ही यादी साधारणपणे उतरत्या प्रमाणाने छापतात, म्हणजे पहिले चार-पाच शब्द वाचता आले तरी पुष्कळ कळते. ॲक्वा म्हणजे पाणी. पेट्रोलॅटम म्हणजे व्हॅसलीन. पॅराफिनम लिक्विडम म्हणजे खनिज तेल. ग्लिसरीन ओळखीचेच आहे. आणि परफम किंवा फ्रॅग्रन्स हा शब्द दिसला, तर संवेदनशील त्वचेच्या माणसाने ती डबी फळीवर परत ठेवावी.