'टू'ची द्विरुक्ती : एका लाल शेऱ्याची चिकित्सा

प्रथम वर्षाच्या इंग्रजी उत्तरपत्रिकेत 'टू स्पीक अँड टू रीड' अशी रचना दिसली की दुसऱ्या 'टू'वर लाल रेघ ओढून 'अनावश्यक पुनरुक्ती' असा शेरा मारण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हा शेरा व्याकरणाच्या कसोटीस उतरत नाही.

इंग्रजीत 'टू' हा सुटा शब्द असल्याने 'अँड'ने जोडलेल्या दोन धातूंपूर्वी तो एकदा वापरून भागते. दोनदा वापरणेही तितकेच शुद्ध. मराठीत ही सवलत नाही. 'बोलायला आणि वाचायला' यांतील प्रत्यय धातूला चिकटलेला आहे, तो एकावरून काढून दुसऱ्यावर भार टाकता येत नाही. 'बोलण्या-वाचण्यासाठी' म्हणताना 'साठी' एकदाच येतो खरा, पण 'ण्या' दोनदा येतोच. मालवणी घरात वाढलेला विद्यार्थी 'बोलूक आनी वाचूक' असेच म्हणत आलेला असतो. त्याचा दुसरा 'टू' तिथून येतो. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) मराठी विभागाच्या कपाटात असते आणि इंग्रजी विभाग समोरच्या खोलीत. मधला व्हरांडा ओलांडण्याचे कष्ट आपण क्वचितच घेतो.

मात्र सवयीचे मूळ सांगितल्याने प्रश्न संपत नाही. एका तपासणी केंद्रावर पुढील वाक्यातील दुसरा 'टू' खोडलेला पाहण्यात आला : 'वी डिसायडेड टू हेल्प द बॉइज मेंड द नेट्स अँड टू सेल द फिश'. विद्यार्थ्याला म्हणायचे होते, 'मुलांना जाळी दुरुस्त करायला मदत करायची आणि मासे विकायचे, असे आम्ही ठरवले'. 'टू' काढताच 'जाळी दुरुस्त करायला आणि मासे विकायला मुलांना मदत करायची' असाही अर्थ संभवतो. मासे विकणार कोण, हेच संदिग्ध झाले. मराठीत 'विकायचे' आणि 'विकायला' या दोन रूपांनी जो भेद होतो, तो इंग्रजीत या वाक्यापुरता त्या एका 'टू'ने सांभाळला होता.

द्विरुक्तीचा खरा दोष 'टू स्पीक, रीड अँड टू राइट' अशा विषम रचनेत आहे : एकतर तिन्ही धातूंना 'टू' हवा, नाहीतर पहिल्यालाच. तिथे रेघ अवश्य ओढावी. जाळ्यांच्या वाक्यात मात्र तपासनिसाने अर्धा गुण कापला होता, आणि पुनर्मूल्यांकनातही तो परत मिळाला नाही.