वसईचीं ख्रिस्तमंदिरें व आमची दृष्टि

वसईच्या किल्ल्यावर मराठींत कमी लिहिलें गेलें आहे असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं. बखरकारांपासून शाळेंतील क्रमिक पुस्तकांपर्यंत, आणि ऐतिहासिक कादंबरीपासून दिवाळी अंकांतील प्रवासवर्णनांपर्यंत, सन १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं तो किल्ला कसा घेतला ही हकीकत आपण सर्वांनीं मनसोक्त वाचली आहे. ती पुन्हा वाचण्यासारखी आहेहि. आमचें गाऱ्हाणें निराळें आहे. ह्या साऱ्या वाङ्मयांत तट आहे, बुरूज आहेत, सुरुंग आहेत. परंतु तटाच्या आंत पाऊल टाकल्यावर ज्या इमारती डोळ्यांत भरतात त्या ख्रिस्तमंदिरांविषयीं दोन ओळींपलीकडे सहसा मजकूर नसतो. ‘चर्चचे भग्नावशेष’ एवढे दोन शब्द लिहिले कीं लेखक मोकळा होतो, व पुन्हा बुरुजावर चढतो.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही कांहीं विद्यार्थ्यांना घेऊन श्रीपुराहून वसईस गेलों होतों. साखर कारखान्याच्या गांवचीं तीं मुलें. इंग्रजी अमदानींत ह्याच किल्ल्यांत साखरेचा एक कारखाना काढण्यांत आला होता, हें सांगतांच त्यांचे चेहरे खुलले; कमानींनीं जें साधलें नव्हतें तें उंसानें साधलें! पुढें फ्रान्सिस्कन संन्याशांच्या मंदिरांत जमिनींत बसविलेल्या थडग्यांच्या शिळा पाहतांना एका मुलानें विचारलें, “सर, हें आपलें कीं त्यांचें?” आम्हीं उत्तर दिलें नाहीं, कारण त्या वेळीं तें सुचलें नाहीं. परत येतांना सारा वेळ तो प्रश्न मनांत घोळत होता.

प्रथम ह्या इमारतींचा कलाकृति म्हणून विचार करूं. सन १५३४ च्या तहानें वसई गुजराथच्या बहादुरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली, व त्याच शतकांत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन अशा एकामागून एक संन्यासीपंथांनीं येथें मंदिरें व मठ बांधले. अंबरनाथच्या देवळाची संवय असलेल्या डोळ्याला हें काम प्रथम उघडेंबोडकें वाटतें. तेथें बोटभर जागाहि कोरल्यावांचून सोडलेली नाहीं. येथें कोरीव काम दाराच्या चौकटीभोंवतीं व दर्शनी भिंतीवरच काय तें आहे. परंतु हा दोष नव्हे, ती निराळी जात आहे. ह्या इमारतींचें सौंदर्य उंचीच्या व रुंदीच्या प्रमाणांत आहे. जेझुइटांच्या मंदिराचें दर्शनी अंग पाहावें: दाराच्या दोहों बाजूंस जोडखांब, वर येशूनामाचीं आद्याक्षरें, आणि बाकी भिंत मोकळी. त्या मोकळ्या भिंतीमुळेंच खांबांना भार येतो. आंतील दृश्य मात्र उदास आहे. जेथें लोक बसत त्या लांबलचक सभागृहाचें लांकडी छप्पर केव्हांच गेलें. वेदीवरची दगडी कमानदार छत कोठें कोठें शाबूत आहे. सेंट जोसेफच्या मनोऱ्यांत अरुंद चक्राकार जिना आहे, त्यानें वर गेल्यास खाडी व ताडामाडांची रांग एकदम दृष्टीस पडते.

आणि ह्या दगडाची योग्यता त्या काळच्या कारागिरांस पुरती ठाऊक होती. गोव्यांतील बॉम जेझूस मंदिराचें, ज्याची प्रतिष्ठा सन १६०५ मध्यें झाली त्याचें, दर्शनी अंग वसईहून नेलेल्या काळ्या दगडाचें आहे. जुन्या गोव्यास जाऊन त्या भिंतीपुढें थक्क होणारे आमचे प्रवासी आपण कोंकणच्याच पाषाणाचें कौतुक करीत आहों हें विसरतात.

वसईवर इंग्रजींत डॉ. गर्सन द कुन्हा ह्यांनीं सन १८७६ मध्येंच पुस्तक लिहून ठेवलें. त्यांत पोर्तुगीज वैभवाविषयीं हळहळ अंमळ जास्त आहे, तरी दगड पाहून, शिलालेख वाचून लिहिणारा तो माणूस आहे. आमच्या मराठी लेखकांत विजयाचा हर्ष आहे व तो रास्त आहे. पाहण्याचे श्रम मात्र नाहींत.

ह्यावर उत्तर ठरलेलें आहे. पोर्तुगीजांनीं देवळें पाडलीं, गोव्यांत धर्मन्यायासनाचा छळ मांडला, मग त्यांच्या कमानी आम्हीं कां जपाव्या? हा आक्षेप हलका नाहीं. ज्यांचीं देवळें गेलीं त्यांच्या वंशजांस कौतुक करण्याचा हुकूम कोणी सोडूं नये. पण मग एक गोष्ट विचारण्यासारखी आहे. फादर स्टीफन्सचें ‘ख्रिस्तपुराण’ सन १६१६ मध्यें छापलें गेलें, त्याच राज्यांत व त्याच हेतूनें. तें आपण मराठी काव्य म्हणून पदरीं घेतलें. १९५६ मध्यें शांताराम बंडेलू ह्यांनीं तें देवनागरींत आणलें, व आज विद्यापीठांत तें शिकविलें जातें. तेथें कवि कशासाठीं आला होता हें विचारून आपण ओवी नाकारली नाहीं. मग ग्रंथाला एक माप व दगडाला दुसरें, हें कसें?

आयर्लंडांत हा पेंच आमच्याहून अधिक बिकट होता. सोळाव्या शतकांत आठव्या हेन्रीनें तेथील मठ मोडले. जुनीं मंदिरें प्रॉटेस्टंट राजधर्माकडे गेलीं, आणि बहुसंख्य रोमन कॅथॉलिक जनता बाहेर राहिली. सन १८६९ च्या कायद्यानें त्या राजधर्माचा सरकारी दर्जा काढून घेतला, तेव्हां प्राचीन पडकीं मंदिरें सार्वजनिक बांधकाम खात्याच्या हवालीं करून राष्ट्रीय स्मारकें म्हणून राखण्याची सोय त्याच कायद्यांत करण्यांत आली. संत पॅट्रिकची म्हणून पुजली गेलेली लोखंडी घंटा एका घराण्यानें वतनासारखी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. ती आज डब्लिनच्या संग्रहालयांत आहे.

घंटांवरूनच आमच्या घरची गोष्ट निघते. वसईच्या मोहिमेंतून आलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या घंटा महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आहेत. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटेवर १७२१, भीमाशंकराच्या घंटेवर १७२९, मेणवलीच्या घंटेवर १७०७ असे सन आहेत. लेखक त्यांस विजयचिन्हें म्हणतात. पण विजयचिन्ह शस्त्रागारांत टांगतात. ह्या देवाच्या दारीं टांगल्या गेल्या, व भाविकांच्या हातांनीं वाजत राहिल्या. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. तें चित्र घांसून काढावें असें पेशवाईंत कोणास वाटलें नाहीं. ज्या मनोऱ्यावरून ती उतरली तो मुका झाला हेंहि खरें, आणि तें आमच्या प्रवासवर्णनांत कोठेंतरी यावयास हवें.

कारण त्या मनोऱ्याखालीं प्रार्थना करणारे सगळेच लिस्बनला गेले नाहींत. नागासाकी येथें १५९७ मध्यें क्रुसावर मारला गेलेला व १८६२ मध्यें संतपदास चढलेला गोन्सालो गार्सिया वसईचाच. वसईच्या ख्रिस्ती समाजाची बोली मराठीच्या कुळांतली आहे, व त्याच समाजांतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्यें उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ‘त्यांचें’ म्हणून बोट दाखवावयाचें तें नक्की कोणाकडे, हें त्या मुलास आम्हीं विचारावयास हवें होतें.

येत्या हिवाळ्यांत सहलीचा मार्ग आम्हीं बदलला आहे. प्रथम मेणवलीस कृष्णेच्या घांटावर जाऊन घंटेवरची मेरी मुलांना दाखवावयाची, आणि मग वसईस.